उजेड अडतो कुठं?

जालन्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणाऱ्याला दोन गोष्टींची ओळख करून घ्यावीच लागते. एक इथली वीज आणि दुसरी इथली धूळ. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला, चंदनझिऱ्याच्या आसपास पसरलेली ही वसाहत मुख्यतः लोखंडाची. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या, त्यातून ओतले जाणारे बिलेट आणि त्या बिलेटची सळई काढणाऱ्या रोलिंग मिल यांच्यावर हजारो घरं चालतात. शहराची दुसरी ओळख बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिकोची सुरुवात जालन्यातच केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. धंदा लोखंडाचा असो की बियाण्याचा, विक्रेते, कामगार, शेतकरी यांना एकत्र बसवून काहीतरी समजावून सांगायची गरज सगळ्यांनाच पडते. म्हणून इथल्या बऱ्याच कारखान्यांत एक प्रशिक्षण हॉल असायचा, आणि ज्यांनी तो लवकर बांधला त्यांच्याकडे छताला टांगलेला तीन डोळ्यांचा प्रोजेक्टर असायचा.

मी ज्या पिढीचा मेकॅनिक आहे तिनं हे काम टीव्हीवर शिकून घेतलं. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आपल्याकडे पसरला, मागोमाग व्हीसीआर आला. गणपतीत मंडळाची पोरं भाड्यानं टीव्ही-व्हीसीआर आणायची आणि रात्रभर ओळीनं पिक्चर लावायची. बिघाड झाला की मध्यरात्री मेकॅनिकला उठवायचं. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला तरी खरी शिकवणी त्या रात्रींनीच घेतली. नंतर केबल आली, सीडी आली, घरोघरचे टीव्ही बिघडायचे कमी झाले आणि मी एमआयडीसीतली कामं धरली : वजनकाट्यांचे डिस्प्ले, कंट्रोल पॅनलची कार्डं, हॉलमधले माइक, आणि अधूनमधून हे प्रोजेक्टर.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आजच्या प्रोजेक्टरमध्ये एक दिवा असतो आणि त्याच्या उजेडापुढं चित्र धरलं जातं. सीआरटी प्रोजेक्टरमध्ये दिवाच नसतो. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन लहान पिक्चर ट्यूब असतात, साधारण सात ते नऊ इंचांच्या. प्रत्येक ट्यूबच्या आतल्या फॉस्फरवर इलेक्ट्रॉनांचा झोत चित्र रेखतो, ते चित्र स्वतःच उजळतं, पुढची जाडजूड लेन्स ते पडद्यावर फेकते आणि तिन्ही रंग पडद्यावर एकमेकांवर बसतात. कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ साली बनवलेल्या नळीचंच हे वाढलेलं रूप. बेल्जियमची बार्को, जपानची सोनी, कॅनडाची इलेक्ट्रोहोम अशा मोजक्या कंपन्यांनी ही यंत्रं नावारूपाला आणली. विमानाच्या सिम्युलेटरपासून वीजकेंद्रांच्या नियंत्रणकक्षांपर्यंत ती लागली. काळा रंग खरोखर काळा दाखवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. उजेडात मात्र ती मुळातच गरीब. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर दोनशेच्या आसपास ल्यूमेन, तर २००० नंतर आलेले साधे एलसीडी प्रोजेक्टर हजार-दीड हजार ल्यूमेन सहज द्यायचे. मुळातच तुटपुंजा असलेला उजेड वाटेत कुठं अडला, तर हॉलमधल्या शेवटच्या रांगेला काहीच दिसत नाही.

मला ज्या कामातून सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते २००५ च्या आसपासचं. भारनियमनाचे दिवस होते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निरोप आला की हॉलमधलं चित्र मळकट दिसतं, पडदे ओढून, लाइट घालवूनही अक्षरं वाचता येत नाहीत. मॅनेजर साहेबांना वाटत होतं की ट्यूब गेल्या. हॉलची व्यवस्था पाहणाऱ्या वयस्कर वायरमनमामांना वाटत होतं की व्होल्टेजचा दोष आहे.

"भाऊ, शेजारी भट्टी चालू झाली की आमच्या ट्यूबलाइट लपलप करायलेत. मशीनला करंट पुरा मिळंना तर ते काय उजेड देईल?" मामा म्हणाले.

मी त्यांना एकच विचारलं. "मामा, हे एकदम झालं का हळूहळू?"

मामा विचारात पडले. रोज हॉलमध्ये जाणाऱ्याला ते सांगता येत नाही. उजेड एकदम गेला तर लगेच कळतं, थोडा थोडा गेला तर डोळा त्याच्याबरोबर जुळवून घेत जातो. तक्रारही बाहेरगावाहून आलेल्या एका पाहुण्यानं केली होती, रोजच्या लोकांनी नव्हे. म्हणजे अंधूकपणा साचत आलेला होता. या एका उत्तरानं माझं निम्मं काम सोपं केलं. तुटलेली तार किंवा उडालेला पार्ट शोधायचा नव्हता. उजेड वाटेत कुठं कुठं गळतोय ते शोधायचं होतं.

मामांच्या शंकेत तथ्य नव्हतं असं नाही. भट्टीत भंगाराचा नवा घाणा पडतो तेव्हा लोड झटक्यानं बदलतो आणि आसपासच्या लाइनीला त्याचा धक्का बसतो. त्यामुळं हा मुद्दा तोंडी निकाली काढण्यापेक्षा मोजून पाहणं बरं, असं मला वाटलं. प्रोजेक्टरच्या सप्लायवर मीटर लावला, पडद्यावर एक स्थिर पांढरा चौकोन उमटवला आणि मामांना मीटरपाशी बसवलं. व्होल्टेज २०० च्या खाली आलं, पुन्हा चढलं. चौकोनाचा उजेड जागचा हलला नाही. या यंत्रांत स्विच-मोड पॉवर सप्लाय असतो. बाहेरचं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेत वरखाली झालं तरी आतल्या व्होल्टेजला तो ढळू देत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी भट्ट्या बंद असताना पुन्हा पाहिलं. लाइन शांत होती, चित्र तितकंच अंधूक होतं. वीज निर्दोष ठरली आणि मामांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यामुळं पुढच्या सगळ्या कामात ते मनापासून माझ्याबरोबर राहिले.

काहीही फिरवण्याआधी मी एक कागद घेतला आणि मशीनमधली प्रत्येक सेटिंग जशी होती तशी उतरवून घेतली. हा कागदच पुढं बोलका ठरला. कॉन्ट्रास्ट शेवटच्या टोकाला होता. हिरव्या रंगाचा गेन पूर्ण चढवलेला, लाल आणि निळ्याचा मात्र बराच उतरवलेला. नवीन यंत्रात असं कधी नसतं. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी चित्र अंधूक वाटलं की कॉन्ट्रास्ट वाढवत गेलं होतं. आणि पांढऱ्या रंगात गुलाबी झाक येऊ लागली तेव्हा लाल-निळा कमी करून ती झाक कुणीतरी घालवली होती. त्या माणसाचं त्या वेळचं काम बरोबरच होतं, पांढरा पांढरा दिसायलाच हवा. पण त्यामुळं खरा दुबळा रंग झाकला गेला. तिन्ही रंग आता सारखेच मंद दिसत होते. वरवर पाहणारा म्हणाला असता की दोष तिघांचा सामाईक आहे. कागद सांगत होता की हिरवा मागं पडलाय आणि त्याच्या पायरीवर इतर दोघांना उतरवलं गेलंय.

साहेबांनी त्या वेळी एक सूचना केली. टीव्हीच्या दुकानात जुन्या ट्यूबला बूस्टर लावतात तसा इथं लावता येईल का? हीटरला ६.३ व्होल्टऐवजी थोडं जास्त व्होल्टेज द्यायचं, कॅथोड जास्त तापतो, जास्त इलेक्ट्रॉन सोडतो आणि चित्र काही महिने उजळतं. हा प्रकार मी टीव्हीत केलेला होता. म्हाताऱ्या टीव्हीला अजून एक दिवाळी दाखवायची असेल तर तो चालतो. इथं मी नको म्हणालो. या ट्यूब आधीच आपल्या ताकदीच्या टोकावर काम करतात, तीस हजारांहून जास्त व्होल्टचं ईएचटी, म्हणजे अतिउच्च व्होल्टेज, असतं आणि सात इंचांच्या काचेवर आठ फुटी पडद्याचा उजेड काढायचा असतो. त्यांचं आयुष्य साधारण १०,००० तास धरतात, पण ते तास झोताच्या जोरावर अवलंबून असतात. जितका जोर जास्त, तितका फॉस्फर लवकर जळतो. उजेड बाहेर येताना अडत असेल आणि आपण आतून जोर वाढवत असू, तर ट्यूब झिजते आणि अडथळा जागच्या जागी राहतो. साहेबांना मी म्हणालो, "आधी वाट मोकळी करू. त्यानंतरही ट्यूब कमी पडली तर तिच्याबद्दल बोलू."

शोध बाहेरून आत न्यायचा, हे मी ठरवून करतो. ज्या गोष्टीला पैसे लागत नाहीत आणि जी उलटवता येते ती आधी, ट्यूबला हात सर्वांत शेवटी. पहिली पाळी पडद्याची. कोऱ्या कागदांच्या रिमातला एक ताव काढून तो पडद्यावर चिकटवला आणि पांढरं चित्र सोडलं. कागद उठून दिसला, भोवतीचा पडदा पिवळसर राखाडी. पडदा उतरवून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडानं मामांच्या दोन्ही पोरांनी तो पुसला. पाणी तपकिरी झालं. प्रोजेक्टरला हात न लावता थोडा उजेड इथंच परत आला.

दुसरी पाळी सिग्नलची. कॉम्प्युटरमधून येणारी केबल प्रोजेक्टरच्या इनपुटला लागत होती आणि तिथूनच पुढं वक्त्याच्या टेबलावरच्या मॉनिटरला गेली होती. अशी जोडणी चालते, पण एका अटीवर. व्हिडिओची लाइन फक्त शेवटच्या टोकाला ७५ ओहमनं बंद करायची असते. इथं प्रोजेक्टरवरचा ७५ ओहमचा स्विचही चालू होता आणि मॉनिटरचाही होताच. दोन ७५ ओहम एकमेकांना समांतर पडले की लोड ३७.५ ओहम होतो आणि ०.७ व्होल्टचा सिग्नल ०.४७ व्होल्टवर येतो, म्हणजे दोन-तृतीयांश. ऐकायला फारसं वाटत नाही. पण पिक्चर ट्यूबचा स्वभाव सरळ रेषेचा नाही. सिग्नल दोन-तृतीयांश झाला की उजेड दोन-तृतीयांश राहत नाही, साधारण ४० टक्क्यांवर येतो. मधल्या करड्या छटा तर काळ्यातच बुडतात. चित्र मळकट दिसतं ते या कारणानं. मी प्रोजेक्टरवरचा स्विच सरकवला आणि उजेड मोजणारा लक्समीटर पाहत असलेले मामा ताडकन उभे राहिले. छोट्या पांढऱ्या चौकोनावरचा आकडा दुपटीच्या वर गेला होता. मी लगेच कॉन्ट्रास्ट खाली घेतला. इतके दिवस ट्यूबना जे ओझं उगाच वाहायला लागत होतं ते त्या एका स्विचनं उतरवलं.

त्यानंतर आतली इलेक्ट्रॉनिक्स. ईएचटी प्रोबनं मोजलं, बरोबर होतं. तिन्ही ट्यूबच्या मानेवरच्या बोर्डांवर हीटरचं आणि स्क्रीनचं व्होल्टेज पाहिलं, ड्राय सोल्डर आहे का ते भिंगाखाली तपासलं. मग एबीएल, म्हणजे ट्यूबचा एकूण करंट मर्यादेबाहेर जाऊ न देणारी व्यवस्था. काळ्या पडद्यावर लहान पांढरा चौकोन दाखवला तर तो लख्ख, आणि सगळा पडदा पांढरा केला की उजेड थोडा उतरतो, ही तिची रास्त वागणूक. त्या सर्किटमधला मोठ्या किमतीचा रेझिस्टर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं किंमत बदलतो आणि मग ती व्यवस्था गरज नसताना झोत आवळते. म्हणून तो रेझिस्टर एक पाय सोडवून मोजला. ठीक होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला दोष इलेक्ट्रॉनिक्समध्येच सापडावा असं आतून वाटत असतं. तिथं काही सापडलं नाही हे लिहून ठेवणं, हेही कामच आहे.

उरली काच. लेन्सवर टॉर्च तिरका धरला तर समोरच्या बाजूवर धूळ होती, ती अपेक्षितच. लेन्स काढून तिची आतली बाजू पाहिली तेव्हा मात्र काळपट, किंचित चिकट थर दिसला. थंड हवा ओढणाऱ्या पंख्यासमोरचा स्पंज भुगा होऊन पडलेला, त्यामुळं हवेबरोबर येणारं सगळं आत बसत होतं. ईएचटीची यंत्रं हवेतले कण स्वतःकडं ओढतातही. मी ब्रशनं थोडी धूळ कागदावर घेतली, हॉलबाहेरच्या पायरीवर जाऊन कागदाखाली जुन्या स्पीकरचं मॅग्नेट फिरवलं. काळे कण मॅग्नेटबरोबर सरकू लागले. मामा खाली वाकून पाहत होते. तापलेल्या बिलेटवरून रोलिंगमध्ये जी खपली झडते, तिच्यात चुंबकाला चिकटणारा लोहाचा ऑक्साइड असतो. आसपासच्या मिलमधला हा चुरा हवेतून हॉलपर्यंत आला होता. मामांची शंका या अर्थानं खरीच निघाली. शेजारच्या भट्ट्या-मिलचा परिणाम चित्रावर होत होता, पण तो तारेतून आला नव्हता, वाऱ्यातून आला होता.

ही धूळ साधी नाही हे कळल्यावर साफ करायची रीतही ठरली. लोखंडाचे कण कडक, या लेन्समधली काही भिंगं प्लॅस्टिकची आणि त्यावर नाजूक लेप. कोरड्या फडक्यानं पुसलं असतं तर कायमचे ओरखडे आले असते. आधी ब्लोअरनं हवा, मग लेन्स उलटी धरून उंटाच्या केसांचा ब्रश, आणि उरलेला चिकट थर डिस्टिल्ड पाण्यात थेंबभर सौम्य साबण घालून, न दाबता. जालन्यात काम करणाऱ्यानं हा क्रम पाठच करून ठेवावा, मग पुढ्यात कॅमेरा असो, सीसीटीव्ही असो की वजनकाट्याचा डिस्प्ले.

लाल आणि निळ्याची लेन्स साफ होताच ते दोघे मोकळे झाले. हिरव्यात अजून काहीतरी होतं. पांढऱ्या उजेडात ६० ते ७० टक्के वाटा हिरव्याचा असतो, त्यामुळं अडचण नेमकी सर्वांत मोलाच्या जागी होती. या ट्यूब इतक्या तापतात की काचेसमोर थंडाव्यासाठी द्रव भरलेला असतो, इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं मिश्रण. उजेडाला त्यातूनच बाहेर पडावं लागतं. मशीन बंद करून हिरव्या लेन्सच्या जागेतून टॉर्च मारला. द्रव पिवळसर झाला होता आणि कडेनं पांढरे, कापसासारखे धागे पसरले होते. बुरशी. द्रव जुना झाला आणि सीलमधून ओल आत गेली की ती वाढते. पडद्यावर ती वेगळी दिसत नाही, फक्त एक धुकं येतं आणि काळ्या भागातही फिकेपणा चढतो.

हे काम घाईचं नाही. प्लग काढून मशीन रात्रभर तसंच ठेवलं, ईएचटीची लीड जमिनीला टेकवून उरलेला चार्ज काढला, दोन्ही हात एकाच वेळी आत घालायचे नाहीत हा नियम पाळला. ट्यूब आणि तिची द्रवाची पेटी एकत्र खाली घेतली. द्रव स्टीलच्या भांड्यात काढून त्यावर झाकण आणि चिठ्ठी लावली, कारण इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि पोटात गेलं तर विषारी असतं. हॉलमागं मजुरांची पोरं खेळत असायची. काच आणि आतलं भिंग डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतलं, सील बदललं. नवीन द्रवासाठी गाडीचं कूलंट वापरा असं सुचवणारेही भेटले. त्यात रंग आणि इतर रसायनं असतात, उजेडाच्या वाटेत ती चालत नाहीत. शुद्ध द्रव बाहेरगावाहून मागवला. अशा वस्तूंसाठी आम्हा जालनेकरांना दोनच दिशा, मुंबईचा लॅमिंग्टन रोड नाहीतर रेल्वेनं सरळ जाता येणारं हैदराबाद आणि तिथलं कोठी मार्केट. द्रव अगदी सावकाश भरला, बुडबुडे वर येऊ दिले, पुन्हा भरला. तापल्यावर द्रव फुगतो, त्याला जागा देणारा रबरी पडदा नीट बसलाय याची खात्री केली. पांढऱ्या कागदावर ठेवून थेंब पडतोय का ते पाहिलं आणि मगच ट्यूब वर चढवली. द्रव ईएचटीच्या बोर्डावर गळला तर प्रोजेक्टरच संपतो.

शेवटी कन्व्हर्जन्स. चौकटीचं जाळं पडद्यावर आणून तिन्ही रंगांच्या रेषा कोपऱ्यांपर्यंत एकमेकांवर बसवायच्या. यात वेळ जातो आणि डोळे दुखतात, पण रेषा जुळली की लाल-हिरवा-निळा नाहीसे होऊन एकच पांढरी बारीक रेषा उरते. त्या वेळी मिळणारं समाधान मला नव्या यंत्रांनी दिलेलं नाही.

या सगळ्यातून जे हाती लागलं ते मी तेव्हाच कागदाच्या खाली लिहून ठेवलं. उजेडाची गळती बेरजेची नसते, गुणाकाराची असते. पाच ठिकाणी प्रत्येकी १५ टक्केच उजेड अडला असं धरा. प्रत्येक ठिकाण वेगळं पाहिलं तर कुणीही म्हणेल, एवढ्यानं काय होतं? पण ०.८५ ला पाच वेळा गुणलं की हातात ४४ टक्के उरतात. धरणातून पाटाला सोडलेलं पाणी जसं वाटेत ठिकठिकाणी झिरपतं आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत निम्मंही पोचत नाही, तसंच हे. त्यात दोष एका माणसाचा, एका पार्टचा सापडत नाही, म्हणून लोक शेवटी ट्यूबला दोषी धरतात. पण याच गुणाकाराची दुसरी बाजू आशेची आहे. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं परत मिळवलं तर तेही गुणाकारानंच वाढतं.

चित्र परत आलं. कॉन्ट्रास्ट निम्म्याच्या थोडा वर ठेवूनही शेवटच्या रांगेतून अक्षरं वाचता येऊ लागली. लाल-निळ्याचे गेन पुन्हा आपल्या जागी गेले. जे परत येणार नव्हतं तेही मी साहेबांना दाखवलं. हिरव्या ट्यूबच्या फॉस्फरवर रोजच्या स्लाइडमधल्या वरच्या पट्टीचा डाग उमटला होता. वर्षानुवर्षं एकाच जागी एकच उजळ आकृती राहिली की तिथला फॉस्फर इतरांपेक्षा जास्त थकतो, आणि थकलेला फॉस्फर कुठल्याही दुरुस्तीनं ताजा होत नाही. स्लाइडची पार्श्वभूमी गडद ठेवा, मधल्या सुट्टीत चित्र बंद करा, पंख्यासमोरचा स्पंज वेळच्या वेळी धुवा, असं लिहून मी तो कागद मशीनशेजारच्या भिंतीवर लावून दिला. मामांनी त्याखाली तारखा टाकायला सुरुवात केली आणि तो हॉल चांगला चालला.

पुढं सगळीकडं झालं तेच तिथंही झालं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली शोधलेल्या सूक्ष्म आरशांच्या चिपवर चालणारे छोटे डीएलपी प्रोजेक्टर स्वस्त झाले, एका हातात मावू लागले. तीन डोळ्यांची यंत्रं खाली उतरली. जालना भंगाराचं गाव आहे, त्यामुळं उतरलेली वस्तू भट्टीच्या वाटेला लागायला वेळ लागत नाही. पण पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं आणि आत निर्वात पोकळी. ती हातोड्यानं फोडणाऱ्याच्या अंगावर काच उडते आणि शिसं मातीत जातं. देशात ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू झाले, नंतर ते अधिक कडक होत गेले. माझ्याकडं विचारायला येणाऱ्या भंगारवाल्या पोरांना मी अजून सांगतो की लोखंडी सांगाडा आणि तांबं खुशाल घ्या, ट्यूब मात्र न फोडता अधिकृत केंद्राकडं द्या.

आता माझ्या कामात प्रोजेक्टर जवळपास नाहीत. सोलर पंप आहेत. केंद्राची कुसुम योजना २०१९ पासूनची, राज्याच्याही योजना आल्या, आणि जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागांना त्यांचा आधार झाला. वर्षा-दोन वर्षांनी शेतकरी फोन करतात की पंप पाणी कमी उचलतोय, पॅनल वाढवायचे का? माझ्याबरोबर येणाऱ्या आयटीआयच्या मुलांना मी पॅनलचे स्क्रू खोलू देत नाही. आधी वही उघडायला लावतो. कमी झालं ते एकदम की हळूहळू, पॅनलवर धूळ किती, बांधावरच्या लिंबाची सावली कितीला येते, जोडांत एखादा ढिला होऊन तापतोय का, पंपाची जाळी शेवटची कधी साफ केली, हे सगळं मोजून लिहायचं. एखाद्या शेतात सकाळी गार पाण्यानं पॅनल धुऊन आणि एक कनेक्टर बदलून पंप पूर्ववत चालू लागतो, शेतकऱ्याचे नव्या पॅनलचे पैसे वाचतात. एखाद्या शेतात खरोखरच पॅनल निकामी निघतो, आणि तेव्हा तो बदला असं मुलं ठामपणे सांगू शकतात, कारण बाकीच्या सगळ्या जागा त्यांनी तपासलेल्या असतात. मेकॅनिकच्या शब्दाला वजन येतं ते यामुळं. नवीन घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतात. शेतकऱ्याला, कारखानदाराला, शाळेला गरज असते ती आधी वाट तपासून देणाऱ्याची. ती तपासायची सवय पुढच्या मुलांच्या हाताला लावणं, हे मी माझ्या उरलेल्या कामातलं पहिलं काम मानतो.